आंबट

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये एप्रिलअखेरच्या दुपारीही आत शिरलं की दिवेलागण झाल्यासारखी वाटते. वर स्प्रूसच्या उंच झाडांची गर्दी, खाली शेवाळ. त्या शेवाळात, एका कुजक्या ओंडक्याच्या कडेला, पांढरं फूल दिसलं आणि मी थांबले. नवऱ्याने घड्याळ पाहिलं. माझं ‘एक मिनिट’ किती मिनिटांचं असतं, हे तो लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीत शिकलाय.

माझी खोडच अशी. माणसांची नावं मी जागच्या जागी विसरते आणि त्याचं मला काही वाटतही नाही. फुलाचं नाव मात्र कळलं नाही की दातात काहीतरी अडकल्यासारखं होतं.

पाच पातळ पाकळ्या, त्यांवर टोकदार पेन्सिलीने ओढाव्यात तशा जांभळट रेषा. गुडघे टेकून सात-आठ फोटो काढले. फोनमधल्या ॲपने आधी वुड ॲनिमोन सांगितलं, पुढच्या फोटोला रानातलं जिरेनियम, तेही टक्केवारीसकट. पण ॲपला काय बोल लावणार? पान एकाही फोटोत नव्हतं. सगळे लाड फुलाचे. ॲनिमोनचं पान चिरलेलं असतं, आणि त्याच्या पांढऱ्या पाकळ्या वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात पाकळ्याच नसतात. एवढं माहीत असूनही मी पानाकडे बघितलं नव्हतं.

मग बघितलं. एका देठावर तीन पानं, प्रत्येक पत्त्यातल्या बदामासारखं, मधोमध मुडपलेलं.

अगं, ही तर आंबुशी!

म्हणजे आमची आंबुशी पिवळ्या फुलाची, कुंडीत कुणी न लावता उगवणारी. आम्ही पोरं तिची पानं चघळायचो, डोळे मिटून, खांदे आखडून. तिच्या भेंडीसारख्या इवल्या शेंगा पिकल्या की नुसतं बोट लावायचा अवकाश, बिया तटातट उडायच्या. काळं पडलेलं तांब्याचं नाणं तिच्या पाल्याने घासलं की लखलखायचं. आजी आतून ओरडायची, “मांजरं फिरतात तिथे! थुंका आधी!” आम्ही थुंकायचो. ती वळली की दुसरं पान.

पुढे कॉलेजच्या प्रयोगशाळेत ऑक्झॅलिक आम्ल भेटलं. त्याचं नाव या आंबुशीच्या कुळावरूनच पडलंय, आणि नाण्याची जादूही त्याचीच. सरांनी बजावलं, कुणीही चव बघायची नाही. मी मान खाली घालून हसू दाबलं होतं.

अनोळखी रानात काहीही तोंडात घालू नये, हे मला पाठ आहे. याच मुलखात रानलसूण समजून लिली ऑफ द व्हॅलीची विषारी पानं खुडणारे असतात. तरी मी ती तीन पानं पुन्हा नीट पाहिली, एक तोडलं आणि चावलं. डोळे आपोआप मिटले. खांदेही आखडले.

“काय खाल्लंस?” नवरा.

“आंबुशी.”

“इथे?”

तेवढ्यात मागून दोन्ही हातांत काठ्या घेतलेल्या एक आजीबाई आल्या. माझ्या हातातला देठ बघून म्हणाल्या, “झाउअरक्ले.” आंबट क्लोव्हर. ज्या नावासाठी मी अर्धा तास गुडघे ओले केले, ते त्यांनी चालता चालता दिलं. लॅटिनमध्ये ‘ऑक्झॅलिस ॲसिटोसेला’, आमची ‘ऑक्झॅलिस कॉर्निक्युलाटा’. दोघींची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या १७५३च्या एकाच ग्रंथात. ऑक्झॅलिस म्हणजे आंबट आणि ॲसिटोसेला म्हणजेही आंबटच. नाव ठेवणाऱ्यांनीसुद्धा आधी चावूनच बघितलं असणार.

आजीबाई दोन पावलं पुढे गेल्या, थांबल्या, आणि काठी माझ्यावर रोखून मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, “न धुता नको. कोल्हे फिरतात इथे.”

मी थुंकले. नवरा हसायला लागला. बस तर केव्हाच गेली होती.

आजीबाई वळणाआड जाईपर्यंत मी थांबले.