तुम्ही विचारलंत म्हणून: त्या 20 टक्क्यांबद्दल

पुण्याला गेलो की भाऊ विचारतो, इथे स्वीडनमध्ये गोथेनबर्गला कॉफीच्या सुट्टीत युनियनवाले विचारतात: "कामगारांचा पगार कापणाऱ्या लव्हेनची बाजू तू अजून कशी घेतोस?" आजवर हसून टाळलं. आता एकदाच सांगतो.

त्याची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. पालक कुटुंबात वाढलेलं पोर, एर्नशोल्ड्सविक गावातल्या हेगलुंड्स कारखान्यात वेल्डर, मग युनियन, 2014 साली स्वीडनचा पंतप्रधान. भावाला हे ऐकून भरून येतं. मी स्वतः वेल्डर, मला येत नाही.

मार्च 2009. मंदीत ऑर्डरी आटलेल्या. आयएफ मेटाल या आमच्या कारखाना कामगारांच्या युनियनचा तेव्हा अध्यक्ष असलेल्या लव्हेनने मालकांच्या संघटनांशी करार केला: कारखान्यातल्या युनियनने मान्य केलं तर काम कमी, पगारही कमी, पण कपात 20 टक्क्यांच्या वर नाही. दुसऱ्या युनियननी झोडपलं त्याला. आमची सभा कॅन्टीनमध्ये झाली. समोर आमचा म्हातारा वेल्डर बसला होता. उभ्या जोडावर टॉर्च न थरथरता कशी चालवायची, हे मला त्यानेच शिकवलेलं. मी हात वर केला. त्याचे दोन्ही हात टेबलावरच राहिले, मनगटांवर ठिणग्यांचे जुने पांढरे डाग. नंतर त्याने आपला मग धुतला, उपडा ठेवला आणि निघाला. पुढे कित्येक महिने तो माझ्या टेबलावर बसला नाही.

तेव्हा मी घरी बायकोला म्हणालो होतो, "म्हातारा स्वार्थी आहे. सगळ्यांनी थोडं सोसलं तर सगळे वाचतील." केवढा रुबाब होता त्या बोलण्यात! खरं सांगू? त्याची नोकरी जाणारच नव्हती. इथे शेवटी आलेल्याला आधी नारळ. जाणार होतो मी. माझी नोकरी वाचवायला मी त्याच्या पगाराला हात घातला, आणि वर त्यालाच स्वार्थी म्हणालो.

म्हणून लव्हेनला शिव्या घालणं मला जमत नाही. त्याच्या सहीवर माझं घर चाललं. मग तुम्ही 2015 काढता. सप्टेंबरात स्टॉकहोमच्या चौकात तो म्हणाला, माझा युरोप भिंती बांधत नाही; नोव्हेंबरात त्यानेच आश्रयाचे नियम आवळले. त्या वर्षी एक लाख साठ हजारांहून जास्त माणसं आश्रय मागायला आली होती, हे मलाही ठाऊक आहे. तरी त्या दिवशी मी टीव्ही बंद केला. शेवटी आलेल्याला आधी नारळ, दुसरं काय! आणि मी तर आधीच आत येऊन बसलेला.

2021 मध्ये घरभाड्याच्या प्रश्नावर लव्हेनवर अविश्वास ठराव आला, 181 मतं त्याच्या विरोधात पडली. त्या दिवशी म्हाताऱ्याला फोन करावासा वाटला. तो कधीच निवृत्त झालाय. नंबर आहे माझ्याकडे. काय बोलायचं, ते अजून सुचलेलं नाही.