‘क’ दाबल्यापासून कागदावर उमटेपर्यंत

दुकानात ‘मराठी कीबोर्ड’ मागितला तर मिळतो तो नेहमीचाच कीबोर्ड, बटणांवर देवनागरी अक्षरं जास्तीची छापलेला. कीबोर्डला ना मराठी कळतं ना इंग्रजी. ‘के’चं बटण दाबलं की यूएसबी वायरमधून फक्त त्या बटणाचा क्रमांक जातो, १४. त्याचा ‘क’ करायचा की ‘के’, हे संगणक ठरवतो. सेटिंगमध्ये मराठी भाषा आणि इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली बटणांची मांडणी, निवडलं असेल तर ‘क’ उमटतो, शिफ्ट धरून दाबलं तर ‘ख’. तेव्हा मराठी टाइप करायला नवा कीबोर्ड घेऊ नका.

आता तो उलटा करून उघडा. एखादा स्क्रू बऱ्याचदा स्टिकरखाली दडलेला असतो. आत रबराच्या छोट्या टोप्या आणि त्यांच्याखाली प्लास्टिकचे तीन पातळ पापुद्रे दिसतील. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीज वाहणाऱ्या रेघा छापलेल्या असतात, मधल्याला नुसती भोकं. बटण दाबलं की वरची रेघ भोकातून खालच्या रेघेला टेकते. १०४ बटणांना १०४ वायरी लावत नाहीत. ८ आडव्या आणि १८ उभ्या अशा २६ रेघांतच १४४ छेद मिळतात. छोटी चिप एकेका रेघेत वीज सोडून बाकीच्या तपासत राहते.

बिघाड ओळखायला ही जाळीच उपयोगी पडते. एकच बटण बंद असेल तर तिथे कचरा अडकलाय किंवा टोपी फाटलीय. पाच-सहा बटणं एकदम गेली, मग ती कीबोर्डभर विखुरलेली का असेनात, तर एक रेघ तुटली आहे. पाण्यापेक्षा चहा वाईट, कारण पाणी वाळतं, साखर चिकटून राहते आणि रेघा हळूहळू खराब होतात. चहा सांडला की आधी वायर काढा, कीबोर्ड पालथा घाला, मग उघडून पापुद्रे ओल्या फडक्याने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पूर्ण एक दिवस वाळू द्या. हेअर ड्रायर नको, प्लास्टिक वाकडं होतं.

टाइप केलेलं पान लेझर प्रिंटरकडे गेलं की त्याचे ठिपके होतात. ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरले तर, एका ए-फोर पानाचे सुमारे साडेतीन कोटी! कार्ट्रिजमधला (टोनरच्या डब्यातला) पीसीआर, म्हणजे चार्ज देणारा रोलर, ड्रमच्या, म्हणजे पानाचं चित्र ज्यावर उमटतं त्या नळकांड्याच्या, पृष्ठभागावर ऋण विद्युतभार चढवतो. अक्षर यायचं तिथे लेझर पडतो आणि तेवढ्या ठिपक्यावरचा भार उतरतो. टोनरची पूडही ऋणभारित, म्हणून ती भार असलेल्या जागी बसत नाही, उतरलेल्या जागी बसते. कागदामागचा रोलर ती कागदावर ओढून घेतो, आणि २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला फ्युजर ती वितळवून दाबतो. टोनर म्हणजे मुळात प्लास्टिकची पूड. शाईसारखा तो वाळत नाही.

छपाईत डाग आला की लगेच टोनर भरू नका, आधी पट्टी घ्या. डाग ठरावीक अंतराने पुन्हा येत असेल तर ते अंतर म्हणजे खराब रोलरचा घेर. छोट्या प्रिंटरमधला ड्रम बहुधा २४ मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे घेर ७५ मिलिमीटर. साधारण ३८ मिलिमीटरवर डाग येत असेल तर पीसीआरवर संशय घ्या. वरपासून खालपर्यंत सलग काळी रेघ असेल तर ड्रमवर ओरखडा किंवा ड्रमवरची उरलेली पूड खरवडणारं वायपर ब्लेड झिजलेलं. अख्खं पान काळं आलं तर ड्रमला चार्जच मिळत नाही. पीसीआरची टोकं आणि त्यांचे संपर्कबिंदू पुसून बघा. बोटाने अक्षर पुसलं जातंय? मग कार्ट्रिज निर्दोष, फ्युजर तापत नाही.

शंका राहिलीच तर छपाई चालू असताना झाकण उघडून कागद मध्येच थांबवा. फ्युजरमध्ये न शिरलेल्या भागावर डाग नसेल तर तो फ्युजरच लावतोय. कागद सावकाश ओढा, त्यावरची पूड अजून सुटी असते. फ्युजरला हात लावू नका. ड्रम बाहेर काढलात तर काळ्या कापडात गुंडाळा, उजेडाने तो खराब होतो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, फिकी छपाई आणि अडकणारे कागद यांचं कारण बहुतेकदा प्रिंटर नसतो. ओल धरलेल्या कागदावर पूड नीट ओढली जात नाही आणि फ्युजरमध्ये तो गुंडाळतो. रीम फोडली की उरलेले कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा, ट्रेमध्ये दिवसभराला लागतील तेवढेच घाला. पूड कपड्यांवर सांडलीच तर झटका आणि गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने ती कापडात पक्की बसते.