रंग जातो का?

पुण्यात घोंगड्यांचा स्टॉल लावला की घडी उलगडायच्या आधीच विचारतात, "ताई, याचा रंग जातो का हो?" मी नाही म्हणते आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. परवा तुम्ही मात्र खोदून विचारलंत, "मग कुठला रंग वापरता?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा बैजवार सांगते.

रंग लावतच नाही. दख्खनी मेंढी अंगावर घेऊन येते तोच हा काळा. पहिल्या धुण्याला पाणी गढूळ होईल, पण ती चिंचोक्याची खळ आणि सांगोल्याकडच्या माळाची माती.

उन्हानं रंग उतरतो, हे मात्र स्टॉलवर मी आपणहून सांगत नाही. लोकरीची बट दोन बोटांत धरून फाकवून बघा. बुडाला डांबरासारखी काळी, शेंड्याला गंजल्या खिळ्यासारखी तांबूस. आमच्याकडे वर्षाला दोन कातरण्या, एक पावसाळ्याच्या तोंडावर आणि एक दिवाळीनंतर. उन्हाळा पाठीवर काढलेली लोकर तांबूसच निघते. सगळ्यात गर्द आणि मऊ म्हणजे जावळ, कोकराची पहिली कातरणी. म्हाताऱ्या मेंढीची लोकर आपल्या केसांसारखीच करडी होते. ती मी वेगळ्या पोत्यात भरते. तुम्ही हातात धरून बसला होतात ते राखाडी घोंगडं अशाच म्हाताऱ्यांचं. दोन्ही कातरण्या मिळून एका मेंढीमागं अर्धा-पाऊण किलो लोकर, म्हणजे एका घोंगड्याला चार-पाच मेंढ्यांचं वर्ष लागतं.

पण काळा रंग टिकतो तो नरावर. पंचवीस-तीस मेंढ्यांना एक नर, त्यामुळं तो चुकला की अख्खी खांड, म्हणजे कळपच, चुकते. आमचे मामा, म्हणजे सासरे, नर राखताना आधी कपाळ बघायचे, मग शेपटीचं टोक. काळ्या मेंढराचा पांढरा डाग पहिल्यांदा तिथंच दिसतो. डाग असला की तो नर बाजारात जायचा.

एका साली आम्ही माडग्याळी नर आणला. जतकडची ही जात, उंच, पोपटासारखं बाकदार नाक, पांढऱ्या अंगावर तांबडे ठिपके, मटणाला एक नंबर. कोकरं झाली ती पांढरी, चट्ट्यापट्ट्याची. भाव झकास आला, घरात सगळे खूश. मी कातर घेऊन बसले तर अंगावर लोकर म्हणावी असं काही नाहीच. त्या वर्षी काळं जावळ एक पिशवीभरसुद्धा झालं नाही, आणि आमच्या सणगराचा, म्हणजे घोंगडी विणणाऱ्याचा, माग बरेच दिवस रिकामा राहिला.

आता कोण म्हणेल, लोकरीला भाव नाही तर कशाला हा खटाटोप? खरं आहे. कच्च्या लोकरीचे पैसे कातरणाऱ्याच्या मजुरीलाही पुरत नाहीत. कितीक जण लोकर बांधावर टाकून देतात. काळ्यावर दुसरा रंग चढत नाही, म्हणून गिरणीला ती नकोच. लडाखच्या चांगथांगी बकऱ्यांचंही तेच. त्यांच्यातही तपकिरी, करड्या, काळ्या असतात, पण मागणी पांढऱ्या पश्मिन्याला, कारण तो हवा तसा रंगवता येतो. ती पश्म, म्हणजे बकरीची आतली मऊ लव, १२ ते १५ मायक्रॉन जाडीची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग); आमची लोकर तिच्या निदान तिप्पट जाड. म्हणून घोंगडं टोचतं. तुम्ही गळ्याला लावून बघितलंत तेव्हा तुमचं तोंड मी बघितलं होतं. ते गळ्यात घ्यायचं नसतं हो, अंथरायचं असतं.

माडग्याळी आम्ही विकला. यंदा घरचंच एक काळं कोकरू नर म्हणून राखायचं चाललंय. हाडापेरानं चांगलं आहे, लोकर दाट आहे, पण कपाळावर रुपयाएवढा पांढरा टिळा. पूर्वी असला नर मामांनी दारात उभा केला नसता. आता म्हणतात, "चालतंय की." मी अजून हो म्हटलेलं नाही.