तुम्ही विचारलंत म्हणून: प्रवाळांच्या टाकीचे तापमान

ज्यांनी रीफ टँक, म्हणजे समुद्री प्रवाळांची आणि माशांची टाकी, नुकतीच सुरू केली आहे, असे लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात, आणि तो बहुधा दोन भागांत येतो. ‘पाणी किती अंशांवर ठेवायचं?’ हा पहिला भाग आणि ‘आमच्याकडे दुपारी २८ च्या वर जातं, तर चिलर घ्यावाच लागेल का?’ हा दुसरा. (चिलर म्हणजे टाकीचे पाणी गार करणारे यंत्र.) पहिल्या भागाचे उत्तर लहान आहे: २४ ते २७ अंश सेल्सिअस या पट्ट्यात टाकीत पाळले जाणारे बहुतेक उष्णकटिबंधीय प्रवाळ आणि मासे सुखाने राहतात, आणि मी स्वतः २५.५ वर ठेवतो. दुसऱ्या भागाचे उत्तर देण्यासाठी मात्र पाण्यात उष्णता कुठून येते आणि कुठून निघून जाते हे आधी पाहावे लागते, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो आहे.

प्रवाळाच्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाची एकपेशीय शैवाले राहतात. ती प्रकाशसंश्लेषणातून जे अन्न तयार करतात त्याचा मोठा वाटा यजमान प्रवाळाला मिळतो. पाणी प्रमाणाबाहेर तापले आणि त्याच वेळी प्रकाशही तीव्र असला, की या शैवालांची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, पेशींना अपाय करणारी ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे साचू लागतात आणि प्रवाळ आपल्या या सोबत्यांना बाहेर टाकतो. मग उरलेल्या पारदर्शक ऊतींमधून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ त्या क्षणी जिवंत असतो, पण त्याच्या अन्नाचा मुख्य आधार गेलेला असतो, आणि शैवाले वेळेत परतली नाहीत तर तो दगावतो.

समुद्रातली ही मर्यादा प्रवाळांच्या नेहमीच्या तापमानाच्या किती जवळ असते, हे कळल्यावर मला फार आश्चर्य वाटले होते. एखाद्या ठिकाणच्या सर्वांत उष्ण महिन्याचे जे सरासरी तापमान असते, त्याच्या अवघा एक अंश वर पाणी गेले की तिथल्या प्रवाळांवर ताण सुरू झाला असे धरले जाते. अमेरिकेची नोआ ही संस्था उपग्रहांच्या साहाय्याने हा ताण मोजते, आणि तो ‘अंश-आठवडे’ या एककात मोजते: एक अंश जास्त तापमान चार आठवडे टिकले किंवा दोन अंश जास्त तापमान दोन आठवडे टिकले, तर दोन्ही वेळी बेरीज चारच होते. चारपर्यंत बेरीज गेली की लक्षणीय ब्लीचिंग होण्याचा संभव असतो आणि आठपर्यंत गेली की मोठ्या प्रमाणावर प्रवाळ मरू लागतात. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळातल्या जागतिक ब्लीचिंगच्या घटनांनंतर २०२३ मध्ये चौथी घटना सुरू झाली, ती अशाच लांबलेल्या उष्णतेमुळे. या मोजणीतून टाकी ठेवणाऱ्याने घेण्यासारखी गोष्ट अशी, की पाणी किती तापले याच्या जोडीला ते किती काळ तापलेले राहिले हेही पाहावे लागते. दुपारी दोन तास २७.८ पर्यंत जाऊन रात्री २६ वर येणारी टाकी आणि दहा दिवस सलग २९ वर बसलेली टाकी यांची तुलना होऊ शकत नाही.

शिवाय जो प्रवाळ ज्या पाण्याला सरावलेला असतो, त्यावरही बरेच अवलंबून असते. पर्शियन आखातातले काही प्रवाळ उन्हाळ्यात ३४ अंशांच्याही वर जाणाऱ्या पाण्यात तग धरून आहेत, तर तेच तापमान इतरत्र वाढलेल्या त्याच जातीला काही दिवसांत मारून टाकते. म्हणून वर्षभर २७ वर स्थिर असलेली टाकी केवळ कुणी २५ हा आकडा सांगितला म्हणून खाली आणण्याचा आग्रह मी कधीच धरत नाही.

माशांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे, आणि ती प्राणवायूची आहे. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना दर लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना सुमारे ६.२. घट लहान दिसते, पण त्याच वेळी पाण्यातल्या प्रत्येक जिवाची, जिवाणूंसह, प्राणवायूची गरज वाढलेली असते. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबलेले असताना ही तफावत सर्वांत जास्त जाणवते. त्यामुळे तापलेल्या टाकीत मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना दिसले, तर पाणी गार करण्याच्या आधी ते पृष्ठभागावर जोरात खळबळवावे.

आता उष्णतेच्या जमाखर्चाकडे येतो. टाकीला जोडलेल्या पंपांनी घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन राहते, आणि पंप पाण्यात बुडालेला असेल तर ती थेट पाण्यातच उतरते. दिव्यांची उष्णता काही अंशी उतरते. पूर्वीचे मेटल हॅलाइड दिवे पाणी अक्षरशः भाजत असत, त्या मानाने एलईडीची बरीच उष्णता वरच्या वर हवेत जाते. खर्चाच्या बाजूला काचेतून जाणारी थोडी उष्णता आणि बाष्पीभवनातून जाणारी पुष्कळ उष्णता असते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता जाते. २०० लिटरच्या टाकीला एक अंश गार करण्यासाठी सुमारे ८२० किलोज्यूल काढावे लागतात. म्हणजे खोलीतून आणि उपकरणांतून नवी उष्णता येत नाही असे धरले, तर एक लिटर उडाल्याने अशी टाकी जवळजवळ तीन अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात उष्णता सतत येत असते, म्हणून इतका फरक दिसत नाही; पण पृष्ठभागावरून वारा सोडणारा एक लहानसा पंखा एवढे काम का करतो, हे या गणितावरून कळते.

पंख्याला एक मर्यादा आहे आणि तीच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बाष्पीभवनाने पाणी कितपत गार होईल हे हवेच्या तापमानाइतकेच तिच्या दमटपणावर ठरते. हवा ३५ अंशांवर असेल पण आर्द्रता ४० टक्केच असेल, तर बाष्पीभवन पाण्याला तत्त्वतः साधारण साडेचोवीस अंशांपर्यंत ओढू शकते. उलट हवा केवळ ३० अंशांवर असली पण आर्द्रता ८५ टक्के असली, तर सुमारे २८ च्या खाली पंखा काहीही करू शकत नाही, मग तुम्ही एक लावा किंवा चार. अंगाला कमी गरम वाटणारा दमट दिवस टाकीला कोरड्या कडक उन्हाळ्यापेक्षा जड जातो तो यामुळे. बंद खोलीत टाकीचीच वाफ साचत असल्यामुळे पंख्याचा उपयोग उत्तरोत्तर कमी होत जातो. तिथे खिडकी उघडणे हाच पंख्याचा दुसरा अर्धा भाग आहे. पंखा लावल्यावर उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या, शुद्ध केलेल्या पाण्यानेच करावी, कारण वाफ होऊन पाणी जाते आणि मीठ मागे उरते. ही भरपाई दिवसातून एकदा बादलीने करण्यापेक्षा तरंगत्या स्विचवर चालणाऱ्या स्वयंचलित टॉप-अपने केली तर क्षारता, म्हणजे पाण्यातले मिठाचे प्रमाण, हलत नाही. तापमान सांभाळताना क्षारता बिघडवून ठेवलेल्या टाक्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

लोक गारव्याबद्दल विचारतात, पण माझे सर्वांत मोठे नुकसान हीटरने झाले. थंडीचे दिवस होते. माझ्या २०० लिटरच्या टाकीत ३०० वॅटचा एकच हीटर होता, आणि एका रात्री त्याच्या आतल्या थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू एकमेकांना चिकटून बसले. असा हीटर बंद होत नाही. ३०० वॅट म्हणजे २०० लिटर पाण्यात तासाला जवळजवळ १.३ अंश, अर्थात पाणी तापत जाते तशी बाहेर जाणारी उष्णताही वाढते, नाहीतर सकाळपर्यंत काहीच वाचले नसते. मी उठलो तेव्हा थर्मामीटर ३०.८ दाखवत होता आणि मासे पृष्ठभागाशी होते. मी हीटर काढला, पंपाचे तोंड वर वळवले, दिवे दिवसभर बंद ठेवले आणि पाणी बर्फाने झटपट उतरवण्याचा मोह टाळून संध्याकाळपर्यंत हळूहळू उतरू दिले. मासे वाचले. दोन अ‍ॅक्रोपोरा प्रवाळांच्या ऊती तिसऱ्या दिवसापर्यंत बुडापासून सुटून गेल्या. युफिलिया नावाची एक प्रवाळ-वसाहत पांढरी पडली आणि तिला पुन्हा रंग यायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मी तिला अतिशय बारीक केलेले खाद्य हाताने भरवत होतो, आणि तिच्या टोकांवर तपकिरी छटा पहिल्यांदा दिसली ती सकाळ मला अजून आठवते.

त्यानंतर मी एक मोठा हीटर कधीच वापरला नाही. आता १०० वॅटचे दोन आहेत. त्यांपैकी एक चालू अवस्थेत अडकला तर दुसरा आपोआप बंद राहतो आणि एकटा १०० वॅट थंडीत टाकी उकळवू शकत नाही; एक बंद पडला तर दुसरा पाणी निवण्याचा वेग कमी करतो आणि मला वेळ मिळतो. दोन्ही हीटर बाहेरच्या कंट्रोलरला जोडलेले आहेत. कंट्रोलर २५.५ वर लावलेला आहे आणि हीटरचे स्वतःचे थर्मोस्टॅट २६.५ वर, म्हणजे कंट्रोलरचा रिले (वीज चालू-बंद करणारा स्विच) अडकला तरी आतली कडी लागते. यात एक बारीक गोष्ट आहे. कंट्रोलरचा सेन्सर जर अशा जागी असेल की टॉप-अप थांबल्यावर पाण्याची पातळी उतरून तो उघडा पडेल, तर तो पाण्याऐवजी खोलीची गार हवा मोजतो आणि हीटर चालूच ठेवतो. म्हणून सेन्सर आणि हीटर दोन्ही सम्पच्या, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या उपकरणांच्या टाकीच्या, त्या कप्प्यात असावेत जिथली पातळी बदलत नाही, आणि पाणी बदलताना सर्वांत आधी हीटरची पिन काढावी. उघड्यावर तापलेली काच पाण्यात शिरली की तडकते.

या सगळ्याचा पाया थर्मामीटर आहे, आणि स्वस्त थर्मामीटर एकमेकांपासून एक-दोन अंश सहज वेगळे पडतात. कुटलेला बर्फ आणि थोडे शुद्ध पाणी यांच्या लगद्यात सेन्सर काही मिनिटे धरला की शून्य दिसले पाहिजे. न दिसल्यास तो फरक लिहून ठेवावा. शून्यावर बरोबर असलेले उपकरण २६ वरही बरोबर असेलच असे नाही, म्हणून मी एक चांगला थर्मामीटर केवळ तुलनेसाठी बाजूला ठेवला आहे.

आणीबाणीत लोक बर्फाच्या बाटल्या टाकतात, त्याला माझा विरोध नाही; बाटली घट्ट बंद असावी एवढेच. एक किलो बर्फ वितळून टाकीच्या तापमानापर्यंत येताना २०० लिटर पाणी साधारण अर्ध्या अंशाने उतरवतो. म्हणजे दोन-तीन बाटल्यांनी संकटाची एक दुपार निभावते, पण महिनाभराचा उन्हाळा तसा काढायचा म्हटले तर टाकी दिवसभर वर-खाली होत राहते.

आता चिलरचे. तुम्ही दुपारी २८ च्या वर जाते म्हणालात, तर आधी एक आठवडा पहाटेचे आणि दुपारचे तापमान, दोन्ही लिहून ठेवा. पहाटे ते २६.५ च्या आसपास येत असेल, तर दिव्यांचे तास संध्याकाळ आणि रात्रीकडे सरकवा, टाकीवरचे काचेचे झाकण काढून तिथे बारीक जाळी बसवा, सम्पच्या कपाटाचे दार उघडे ठेवा, जुना जास्त वीज खाणारा पंप असेल तर बदला, आणि मग पंखा लावा. या क्रमाने गेल्यावर बऱ्याच टाक्या २७ च्या आत येतात. पण पहाटेचा आकडासुद्धा २८ च्या खाली उतरत नसेल, किंवा तुमच्याकडची हवा दीर्घकाळ दमट राहत असेल, तर चिलर घ्या आणि तो घेताना काटकसर करू नका, कारण कमी क्षमतेचा चिलर सतत चालतो आणि तरी पुरा पडत नाही. पाण्याला स्पर्श करणारा त्याचा भाग टायटॅनियमचा असल्याची खात्री करा. तांबे अगदी अल्प प्रमाणातही प्रवाळांना आणि कोळंबीला विषारी ठरते. चिलर पाण्यातून काढलेली उष्णता आणि स्वतः वापरलेल्या विजेची उष्णता खोलीतच सोडतो, तेव्हा तो बंद कपाटात ठेवला तर स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो. चिलर आणि हीटर यांच्या ठरवलेल्या तापमानांत किमान एक अंशाचे अंतर ठेवा, नाहीतर एक तापवील आणि दुसरा गार करील. माझा चिलर २७ ला सुरू होतो आणि २६.३ ला थांबतो. मधल्या पट्ट्यात दोन्ही उपकरणे शांत असतात, आणि वर्षातले बरेच दिवस टाकी त्याच पट्ट्यात असते.