कनवटीच्या नोटा

बँकेच्या कॅश काउंटरवर मी तेहेतीस वर्षं काढली. माणूस पैशाला हात कसा लावतो, यावरून त्याचं बरंच काही कळतं.

१० नोव्हेंबर २०१६ हा दिवस मात्र डोक्यातून जात नाही. पाचशे-हजारच्या नोटा ८ तारखेच्या रात्री बंद झाल्या, ९ला बँका बंद होत्या, आणि १०ला सकाळी सातलाच आमच्या दारातली रांग रस्त्यावर गेली होती. माणशी चार हजारच बदलून द्यायचे, तेही फॉर्म आणि ओळखपत्राची झेरॉक्स घेऊन.

दुपारी एक आजी आल्या. नऊवारीच्या कनवटीची गाठ सोडली आणि पाचशेच्या सात नोटा पुढे ठेवल्या. घड्यांमध्ये तांदळाचा पांढरा भुगा होता. झेरॉक्स नव्हती. मी वर न बघता म्हटलं, "आजी, मागं लोक थांबलेत. झेरॉक्स घेऊन या."

त्या खाली वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, घरात कुणाला म्हाईत न्हाई गं. कुनाला सांगू?"

तेव्हा मी वर बघितलं. आमच्या शिपायानं स्वतःच्या खिशातून दोन रुपये काढले, धावत जाऊन झेरॉक्स आणली. मला ते सुचलं नव्हतं, याची खंत अजून आहे.

शंभराच्या पस्तीस नोटा त्यांनी थुंकी लावून दोनदा मोजल्या. मी मोजू दिल्या. रांग ओरडत होती.