तुम्ही विचारलंत म्हणून: मॉरिशसचे स्वतःचे असे काय?

पुण्या-मुंबईहून मॉरिशसला येणारे पाहुणे पहिल्याच सकाळी न्याहारीला बसले, की मला हमखास विचारतात, "इथले पक्षी तर आपल्याकडचेच दिसतात. मग इथलं स्वतःचं असं काय आहे?" प्रश्न रास्त आहे, कारण हिरवळीवर साळुंक्या भांडत असतात, कुंपणावर शिपाई बुलबुल बसलेला असतो, टेबलाखाली चिमण्या पावाचे कण टिपत असतात, आणि यांतले कोणीही मूळचे इथले नाही. साळुंकी अठराव्या शतकात टोळांचा बंदोबस्त करण्यासाठी भारतातून आणली गेली आणि शिपाई बुलबुल १८९२ साली आला. जावातले सांबर डचांनी १६३९ मध्ये आणले. मुंगूस १९००च्या सुमारास उंदीर मारण्यासाठी आणले गेले. परंतु उंदीर मुख्यतः रात्री हिंडतात आणि मुंगूस दिवसा, त्यामुळे पुष्कळदा त्याच्या तावडीत पक्षीच सापडले. ('बाहेरचा' हा शब्द मी इथे जपूनच वापरतो. डच येण्यापूर्वी या बेटावर मनुष्यवस्तीच नव्हती, तेव्हा कोकणातून उसाच्या मळ्यांवर आलेल्या मराठी मजुरांचे वंशज काय किंवा मी काय, सगळे बाहेरचेच.)

जे मूळचे आहे, ते हॉटेलपाशी येत नाही. चांगले मूळ जंगल आता दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे, आणि जे आहे त्यातही चिनी पेरूची झुडपे दाटीवाटीने घुसली आहेत. डोडोची कथा सर्वांना पाठ असते, म्हणून मी ती सांगत नाही. मॉरिशसच्या खरूचीची सांगतो. १९७४ मध्ये हा लहानसा शिकारी पक्षी रानात अवघा चार उरला होता. कृत्रिम घरटी, पिंजऱ्यातली वीण आणि मुंगसांसाठी लावलेले सापळे यांच्या बळावर तो वाचला. गुलाबी कबूतरही १९९०च्या आसपास रानात दहाएकच होते. आज ते काहीशे आहेत.

मूळचा असूनही ज्याचे कोणाला कौतुक नाही, असा एक प्राणी म्हणजे मोठे फळवटवाघूळ. ते रानातल्या झाडांच्या बिया दूरवर टाकते, पण जंगल आटल्यावर बागांतल्या लिची-आंब्यांवरही उतरते. बागाइतदारांच्या तक्रारींवरून सरकारने २०१५ आणि २०१६ मध्ये ही वटवाघळे हजारोंनी मारली. नुकसान होते हे खरे आहे, आणि ज्याची वर्षाची कमाई झाडावर लटकलेली असते त्याचा राग मला समजतो. तरीही लिची आणि आंबा ही दोन्ही झाडे बाहेरून आणलेली आहेत, हे मला विसरता येत नाही.

याच्या नेमके उलट चित्र माएबूरजवळच्या इल ओ एग्रेत या २६ हेक्टरांच्या प्रवाळी बेटावर दिसते. मॉरिशसची महाकाय कासवे माणसाने खाऊन संपवली, आणि त्यांच्याबरोबर तिथल्या आबनुसाची (काळ्या, टणक लाकडाच्या झाडाची) जड फळे गिळून बिया इतरत्र नेणारा प्राणीही गेला. झाडे उभी होती, पण त्यांची रोपे आईच्या पायाशीच अडकून पडत. म्हणून सेशेल्समधल्या अल्दाब्रा बेटांवरची महाकाय कासवे तिथे आणून सोडली. ती परदेशी आहेत, पण फळे खातात, सावकाश चालतात, आणि त्यांच्या पोटातून बाहेर पडलेल्या बिया अधिक चांगल्या रुजतात. पाहुण्यांना मी आता न्याहारीनंतर थेट त्या बेटावर नेतो. गुलाबी कबूतरही तिथेच दिसते, बहुधा वाटेवरच्या एखाद्या फांदीवर, माणसांची फारशी पर्वा न करता बसलेले.