बकरी एकच

मी इलस्ट्रेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज पुण्यात आणि घर जळगावला. हे आधीच सांगून टाकते कारण जळगावचं माणूस अजिंठ्याबद्दल बोलायला लागलं की समोरच्याला वाटतं हिला सगळं माहिती असणार, आणि खरं सांगू का, आम्हाला काहीच माहिती नसतं. साठेक किलोमीटर तर आहे, कधीही जाऊ, असं म्हणत वर्षं जातात. सहावीत शाळेच्या सहलीला गेले होते त्यातलं एकच आठवतं, एका वानराने माझ्या मैत्रिणीच्या हातातली वेफर्सची पुडी ओढून नेली आणि ती संध्याकाळपर्यंत रडत होती. चित्रं बघितली का नाही देव जाणे.

तर यावर्षी फायनल प्रोजेक्टला मी ३२ पानांचं चित्रपुस्तक घेतलं होतं. गोष्ट माझ्या आजीची. ती लहान असताना तिची बकरी हरवली आणि ती दिवसभर शोधत फिरली, विहिरीवर, मग केळीच्या बागेत, मग बाजारात, मग परत विहिरीवर, परत बागेत. बस, एवढीच गोष्ट आहे. मी मोठ्या हौसेने स्टोरीबोर्ड केला, प्रत्येक स्प्रेडचे, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांचे, चौकोन पाडले, इथे क्लोजअप, इथे लाँग शॉट, इथे पक्ष्याच्या नजरेतून. रिव्ह्यूला मॅमनी पाचेक मिनिटं पानं उलटली आणि म्हणाल्या, "ड्रॉइंगला नाव ठेवायला जागा नाही गं, पण हे सीसीटीव्हीचं फुटेज वाटतंय." सगळा वर्ग हसला. मी पण हसले आणि मग हॉस्टेलवर येऊन मस्तपैकी रडून घेतलं.

जानेवारीत घरी आले होते तेव्हा माझं तोंड बघून बाबाच म्हणाले, जा ना अजिंठ्याला, दोन दिवस नुसती टेबलापाशी बसलीयेस. सोमवारी निघणार होते तर मामा ओरडला, अगं सोमवारी लेण्या बंद असतात. म्हणून मंगळवार. आईने कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून दिला, मी बॅगेत गूशचा (म्हणजे जाड, अपारदर्शक जलरंगांचा) अख्खा डबा, तीन ब्रश, पाण्याचा डबा, बोर्ड असं सगळं लग्नाला निघाल्यासारखं भरलं आणि सकाळची एसटी पकडली. पहूर, फर्दापूर, टी पॉइंटला उतरायचं आणि तिथून आतल्या बसने लेण्यांपर्यंत. पोचल्यावर पहिल्यांदा काय कळलं असेल तर आत रंग काढायचे नाहीत, पेन्सिल चालेल. दोन किलोचा डबा दिवसभर खांद्यावर वागवला तो फुकटच.

१ नंबरच्या लेणीत पद्मपाणीसमोर, म्हणजे हातात कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाच्या त्या प्रसिद्ध चित्रासमोर, एवढी गर्दी होती की मी लोकांच्या डोक्यांच्या फटीतून बघितलं आणि पुढे निघाले, त्याच्याबद्दल लिहिणारे खूप आहेत. माझं काम १७ मध्ये होतं. एक तर तिथे चित्रं सगळ्यात जास्त शिल्लक आहेत, आणि उजव्या भिंतीवर सिंहलाची अख्खी गोष्ट आहे. सिंहल हा व्यापारी, साथीदारांसकट त्याचं जहाज फुटतं, राक्षसिणींच्या बेटावर अडकतो, त्या सुंदर बायका बनून यांना नादी लावतात, पांढरा उडता घोडा त्याला सोडवून आणतो, मग त्यातलीच एक राक्षसीण पोर कडेवर घेऊन त्याच्या गावात हजर, राजालाच पटवते, राजवाड्यात शिरते आणि रात्री बाकीच्यांना बोलावून राजाला खाऊन टाकते. मग सिंहल राजा होतो आणि सैन्य घेऊन बेटावर जातो. पाचव्या शतकातली भिंत आहे ही, वाकाटकांच्या हरिषेण राजाच्या काळातली, आणि मसाला आजच्या वेबसिरीजला पुरेल एवढा.

आत गेले, चपला बाहेर, आत मंद दिवे, आणि गर्दी असल्यामुळे दहा-पंधरा मिनिटांत पुढे सरका पुढे सरका. उन्हातून एकदम आत आल्यावर पहिली काही मिनिटं तर काही दिसतच नाही. मी तशीच अंदाजाने पेन्सिल चालवत राहिले. बाहेर येऊन वही उघडली तर हत्ती म्हणून काढलेलं वांगं होतं.

मग मी ठरवलं की आत काढायचंच नाही. आत नुसतं बघायचं, बाहेर येऊन कठड्याला टेकून आठवेल ते काढायचं, आठवायचं थांबलं की परत रांगेत. असं मी त्या दिवशी पाच वेळा केलं. चौथ्या वेळेला दारावरच्या काकांनी विचारलं, "काय ताई, आत काही विसरलं का?"

पहिल्या फेरीत फक्त चेहरे आठवले. दुसऱ्या फेरीत मी गोष्टीची सुरुवात शोधत होते, पुस्तक वाचतो तसं वरच्या डाव्या कोपऱ्यापासून, आणि काही म्हणजे काही लागेना. मध्येच राजवाडा, मध्येच घोडा, चौकट कुठे नाहीच. बाहेर येऊन भाकरी खात बसले आणि वैतागून ठरवलं की या लोकांना कंपोझिशन येत नव्हतं. (हो, असं मी खरंच ठरवलं. भूक लागली होती.)

तिसऱ्या फेरीला थायलंडचा की कुठला एक ग्रुप आत होता आणि त्यांच्यासोबत एक गाइड, हातात छोटा टॉर्च. तो हळू आवाजात गोष्ट सांगत होता आणि टॉर्चचा गोल भिंतीवर फिरवत होता, आणि मी गोष्ट ऐकायची सोडून त्या गोलाकडे बघत बसले. गोल बेटावर. मग लांब उडी मारून राजवाड्यावर. राजवाड्यातच थोडा सरकला. आणि शेवटच्या लढाईला परत बेटाकडे, सुरुवातीला होता तिथंच शेजारी! म्हणजे बेटावर जे जे घडलं ते सगळं बेटाच्या जागी, मग ते गोष्टीच्या आरंभी असो की शेवटी, आणि राजवाड्यातलं सगळं राजवाड्यात. क्रम काळाचा नाहीच, जागेचा आहे. तीच राक्षसीण एकीकडे नटलेली बाई आणि दुसरीकडे सुळे काढून माणसाचा लचका तोडतेय, आणि मध्ये रेघ नाही. एक प्रसंग संपला हे कळतं कशावरून तर मध्ये एक खांब येतो, झाड येतं, किंवा कडेचा माणूस आपल्याकडे पाठ करून उभा असतो. चौकट तो टॉर्च होता. आता हा माझा आपला अंदाज, पण तेव्हाही कोणीतरी हातात दिवा धरूनच ही गोष्ट दाखवली असेल ना, आणि दिव्याचा उजेड जेवढा पडेल तेवढंच पॅनल.

माझी आजी गोष्ट अशीच सांगते. "तेव्हा" कधी म्हणत नाही. "विहिरीपाशी" म्हणते आणि मग विहिरीपाशी जे जे झालं ते सगळं सांगते, बकरीचं सांगता सांगता तिच्या लग्नातलं पण. मी तिच्या गोष्टीचे तुकडे करून घड्याळाला बांधले होते.

बाहेर बसल्यावर आर्ट हिस्ट्रीच्या लेक्चरमधलं आठवत राहिलं, जे तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. रॉबर्ट गिल हा ब्रिटिश लष्करी अधिकारी १८४४ पासून इथे वर्षानुवर्षं नकला करत बसला, त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जेजे आर्ट स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन येऊ लागले, ते काम १८८५ पर्यंत चाललं, आणि त्यातल्याही कितीतरी लंडनलाच दुसऱ्या आगीत जळाल्या. म्हणजे माझ्याच वयाची पोरं इथे कुठेतरी बसून हीच बोटं, हेच डोळे काढत असणार, त्यांच्याकडे हंगामच्या हंगाम होते आणि माझ्याकडे पंधरा मिनिटं. त्या काळात चित्रं नीट दिसावीत म्हणून भिंतीवर वार्निश मारायचे, ते नंतर पिवळं पडलं. राग येतो वाचून, पण नीट दिसत नाही म्हटल्यावर माणूस काय काय करतो ते मला त्या दिवशी थोडं समजलं.

पाचव्या फेरीला मी डाव्या भिंतीकडे गेले, सगळं दान करून टाकणाऱ्या विश्वंतर राजपुत्राची गोष्ट, आणि त्याची मुलं मागून नेणारा तो म्हातारा जूजक, बोकडदाढीवाला, त्याला नीट बघून आले. त्याचं तोंड एकदा बघितलं की परत कुठेही भेटला तरी ओळखू येतो. हे पण लागणार होतं मला. चौकट काढून टाकली तर पात्र लांबूनही ओळखू आलं पाहिजे, नाहीतर वाचणारा हरवला. म्हणून परतीच्या एसटीत मी बकरीचा एक कान फाटका केला.

पुण्याला आल्यावर ३२ पानं मोडली आणि एकच लांब पट्टी केली, घड्या घालून उघडणारी, उघडली की बारा फूट. विहीर एकदाच, बाग एकदाच, बाजार एकदाच. त्यात आजी आणि बकरी फिरतायत, बकरी अकरा वेळा. रंग मुद्दाम थोडे ठेवले, गेरू, पिवडी, काजळी आणि एक हिरवा. निळा नाही वापरला, अजिंठ्याला सुद्धा निळ्यासाठी लागणारा दगड बाहेरून यायचा, म्हटलं आपल्याला कुठे परवडतोय.

ऐकायला सोपं वाटतं पण पहिली पट्टी वाया गेली. गूश जाड लावलं होतं, घडी घातल्यावर प्रत्येक घडीवर रंगाचे पोपडे निघाले, आणि कागद दोन ठिकाणी ग्रेनच्या, म्हणजे त्याच्या तंतूंच्या दिशेच्या, उलट दुमडला होता तो तिथे फाटला. चार रात्रींचं काम होतं. स्टुडिओतले दादा नुसते म्हणाले, "बेटा, आधी कोरा कागद दुमडायचा, मग रंगवायचं." दुसऱ्या वेळेला घड्यांच्या जागी झाडं आणि भिंतीच टाकल्या, पाणी जास्त घातलेल्या पातळ रंगात, म्हणजे घडी तीच प्रसंगाची सीमा. हे मात्र मला भिंतीने शिकवलं असं मी ज्यूरीत ठोकून दिलं, खरं तर पोपड्यांनी शिकवलं होतं.

ज्यूरीला बाहेरून आलेल्या सरांनी चष्मा वर करून पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली आणि विचारलं, "छान आहे, पण यात बकऱ्या किती आहेत?" मी म्हटलं, एक. ते म्हणाले, "मग लहान मुलांना कसं कळणार?" मॅम काही बोलल्या नाहीत. मार्क ठीकठाक पडले.

मे महिन्यात घरी गेल्यावर मी ओटीवर पट्टी पसरली. आजी मांडी घालून बसली, बोट ठेवलं आणि बकरीच्या मागे मागे नेत राहिली, विहीर, बाग, बाजार, मध्येच मागे, परत पुढे. बकऱ्या किती असं तिने एकदाही विचारलं नाही. विहिरीवर आल्यावर मात्र बोट थांबलं.

"अगं माय, इथं जांभूळ कुठून आलं? निंब होता तिथं."

आता निंब काढायला घेतलाय.